निगडेवाडीतली प्रतिक्रिया

"तोंड दाखवणार न्हाई न्हवं ताई?" तिनं तिसऱ्यांदा विचारलं.

"नाही दाखवणार. नाव नाही, गाव नाही, तोंड नाही. शब्द देते," मी म्हणाले.

ती गोठ्याच्या आडोशाला पोतं अंथरून बसली होती. पुढ्यात सूप आणि सुपात वाघ्या घेवडा. पेरणीचं बी निवडायचं काम चाललं होतं. टपोरा दाणा पाटीत, किडका मागं. पदर नाकापर्यंत ओढलेला. वय तिशीच्या आत-बाहेर असावं. आम्ही गावातून परत निघालो होतो, तर हिनंच गोठ्यातून हाक मारली होती, "निस्त्या गड्यांनाच इचारताय व्हय?"

निगडेवाडीतल्या पारावर आम्ही सकाळपासून गड्यांनाच विचारलं होतं हे खरं. प्रश्न एकच. इराकला आपली फौज पाठवावी का? पारावरच्या सतरा जणांनी सतरा वेळा एकच उत्तर दिलं, "हुकूम झाला की निघायचं." बायकांकडे माइक नेला तर त्या एकमेकींच्या मागं लपल्या आणि हसल्या. सिकंदर मुलाणी, आमचा कॅमेरामन, वैतागला होता. लग्नांची शूटिंग करता करता तो आमच्याकडे आला होता आणि एकाच चवीची टेप भरली की त्याचं डोकं फिरायचं.

२००३ सालचा जुलै होता. अमेरिकेनं इराक घेऊन तीन महिने होत आले होते, आणि तिथल्या बंदोबस्ताला भारतानंही सैन्य द्यावं असं त्यांचं म्हणणं होतं. दिल्लीत खल चालला होता. आमची वाहिनी म्हणजे साताऱ्यातली केबल. एरवी आमच्या बातम्या नळाचं पाणी, पतसंस्थेची सभा आणि हरवलेली म्हैस यांच्या पलीकडे जात नसत. पण साताऱ्यात इराक हा परराष्ट्र धोरणाचा विषय नव्हता. निगडेवाडीत साडेतीनशे उंबरे आणि फौजेत दोनशेवर माणसं. फौज जाणार म्हणजे कुणाच्या तरी घरातलं ताट कमी होणार, एवढा तो सरळ होता.

सिकंदरनं कॅमेरा खाली घेतला आणि तिच्या हातांवर रोखला. डाव्या हाताच्या अंगठ्याशेजारच्या बोटाचं वरचं पेर नव्हतं. त्या थोट्या बोटानं ती दाणे इतक्या झपाझप सारत होती की बघत राहावं. सिकंदर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ताई, हात काय बोलतायत बघा." मलाही ते फार आवडलं. मी मान हलवली.

"बोला आता," मी तिला म्हटलं.

ती खाली बघूनच बोलली. "ते काश्मिरात दोन वर्सं हुते, तवा मी एक सबुद बोलले न्हाई. आपला मुलूख हाय, राखाय पायजे. पर इराकात काय? तितल्या एका बाईच्या दारात माझा माणूस बंदूक घिऊन हुबा ऱ्हाणार. त्यानं काय केलं न्हाई तरी ती बाई त्याला बघून बोटं मोडणार. तिचा तळतळाट कुणाला लागायचा? माझ्या लेकरांनाच न्हवं? मारामारीला मी भीत न्हाई. त्या बाईला भीते. पाठवू नगा."

आणि लगेच, चौथ्यांदा, "तोंड न्हाई न्हवं आलं?"

"नाही आलं."

मी खोटं बोलत नव्हते. सव्वीस वर्षांची होते, साताऱ्यात वाढलेली, आणि माणूस तोंडावरून ओळखतात अशी माझी पक्की समजूत होती.

शुक्रवारी कलेक्टर कचेरीसमोर मोर्चा झाला. युद्धविरोधी समितीचा. समिती म्हणजे कॉलेजात राज्यशास्त्र शिकवणारे होवाळ सर, त्यांचे विद्यार्थी आणि दोन निवृत्त एस.टी. कंडक्टर, मोजून एकोणीस माणसं. सिकंदर रस्त्यावर मांडी घालून बसला आणि खालून असा शॉट घेतला की पडदाभर नुसते झेंडेच दिसावेत. हे आमचं नेहमीचं. मोर्चा कुणाचाही असो, आमच्या बातम्यांत तो भव्यच असायचा. ज्याचा मोर्चा तो खूश आणि केबलवालाही खूश.

त्या दिवशी मात्र समोरच्या फुटपाथवर दुसरी माणसं आली. छातीवर पदकं लावलेले तीसेक माजी सैनिक. त्यांच्या पुढं निगडेवाडीचे सुभेदार हिंदुराव निगडे. सत्तरीच्या जवळचा माणूस, पण ताठ. त्यांनी माइक माझ्या हातातून घेतलाच. "सातारा जिल्ह्यानं आजवर कुठल्या हुकमाला न्हाई म्हटलेलं न्हाई. मूठभर पोरं झेंडं घिऊन हुबी ऱ्हायली म्हणून आता म्हणणार न्हाई."

पलीकडून होवाळ सर ओरडले, "सुभेदार, हुकूम अजून झालेलाच नाही! म्हणून तर बोलायचं!"

आमचे मालक आणि संपादक भोईटे सर. त्यांनी संध्याकाळी ही टेप बघितली आणि टाळीच वाजवली. "दोघांना रविवारी अकराला आणून बसव. थेट चर्चा. फोन खुले ठेवू. रेवती, तूच घे." थेट चर्चा आम्ही याआधी एकदाच केली होती, भाजी मंडईच्या जागेवर. मी हरखून गेले. आपण आता मोठ्या विषयाला हात घालतोय असं मला वाटलं, आणि हे कबूल करायला आज लाज वाटत नाही. लाज वाटण्यासारखं पुढं आहे.

आमचा स्टुडिओ पोवई नाक्याजवळ, भांड्यांच्या दुकानाच्या वर होता. चर्चा चालू असताना खाली कुणी पातेलं आपटलं की वर ऐकू यायचं. रविवारी हिंदुराव साडेदहालाच हजर झाले. इस्त्रीचा पांढरा शर्ट, पदकं, बुटांना पॉलिश. मी त्यांच्या कपाळाला पावडर लावत होते, कारण हे कामही माझ्याकडेच होतं.

"पावडर कशापायी ताई? लगीन हाय का माझं?"

"दिव्यात कपाळ चमकतं, सुभेदार."

"चमकू द्या की. उन्हातानात करपलेलं कपाळ हाय." ते हसले. मग जरा वेळानं म्हणाले, "आमच्या हणमंताची पलटण यादीत हाय म्हणत्यात. थोरला माझा. हवालदार हाय."

"घरी काय म्हणतात सगळे?"

"घरी काय म्हणायचं? फौजी घर हाय. आवं, आमची सूनच बघा. तीन वर्सं झाली, कडबा कुट्टीच्या मशिनीत बोट गेलं तिचं. पार पेर तुटून पडलं. मी तिला मोटरसायकलवर घिऊन मिलिटरी दवाखान्यात आलो. वीस मैल. एका हातानं माझा खांदा धरला हुता आणि दुसऱ्या हाताला रक्तानं भिजलेलं फडकं. न्हाई रडली. उतरल्यावर म्हणती कशी, मामंजी, म्हशीची वैरण राहिली. अशी बाई हाय. ती कशाला काय म्हणतीया?"

पावडरचा पफ माझ्या हातात तसाच राहिला.

"डाव्या हाताचं?" मी विचारलं.

"व्हय, डाव्याच. का?"

"काही नाही."

मी बाहेर आले आणि थेट भोईटे सरांच्या खोलीत गेले. गोठ्यातली ती बाई कोण हे त्यांना सांगितलं. आपण तिची टेप चर्चेत लावायची ठरवलीय, ती काढा, असं मी म्हणाले. घरात सासरा, गावात शंभर तोंडं, आणि हात तर सगळा गाव ओळखत असणार. मी तिला शब्द दिलाय.

भोईटे सर खुर्चीतून उठलेच. "सुभेदाराची सून? अगं, मग तर लावायलाच पाहिजे!"

"सर, शब्द दिलाय."

"काय शब्द दिलास? तोंड दाखवणार नाही हाच ना? मग तोंड कुठं दिसतंय? नाव सांगतोय आपण? गाव सांगतोय? शब्द पाळलाच की तू." ते हसले, पण मग माझा चेहरा बघून जरा नरमले. "बरं असं कर. तुझ्यावर सोडतो. तू 'गावाकडचा आवाज ऐकू या' असं म्हटलंस तर सिकंदर टेप सोडेल. नाही म्हटलंस तर नाही सोडणार. मी फोनच्या खोलीत आहे, मला काही दिसणार नाही."

तेव्हा मला हे त्यांचं मोठेपण वाटलं होतं. पण त्यांनी मला पुरतं ओळखलेलं होतं.

सिकंदरला मी खूण करून सांगितलं, टेप नको. त्यानं अंगठा वर केला आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं दिसलं. कुणाचा हात टिपला होता हे मी त्याला तेवढ्या वेळात सांगितलं होतं.

अकरा वाजता दिवे लागले. होवाळ सर डावीकडे, हिंदुराव उजवीकडे, मध्ये मी. पहिली दहा मिनिटं बरी गेली. होवाळ सरांनी संयुक्त राष्ट्रसंघ, तेल आणि आपलं अलिप्ततेचं धोरण यावर जे सांगितलं ते अचूक होतं आणि कंटाळवाणं होतं. खाली कुणीतरी परात आपटली. हिंदुराव म्हणाले, "प्रोफेसर, तुमचं समदं बरोबर आसंल. पण आमच्या गावाला बसरा नवीन न्हाई. माझा आजा पहिल्या लढाईत बसऱ्यालाच गेला हुता. चावडीवर दगड हाय, त्याच्यावर नाव हाय त्याचं. आमाला इराक शिकवू नगा."

"आजोबा परत आले का?" होवाळ सरांनी विचारलं.

"न्हाई आलं."

"कशासाठी गेले होते?"

"हुकूम हुता म्हणून."

"हुकूम इंग्रजाचा होता, सुभेदार. आता तर तुमचं आमचं राज्य आहे. आता तरी घरच्यांना विचाराल की नाही?"

हिंदुरावांनी हात उडवला. "घरच्यांना कशाला इचारायचं? न्हेमी तयारच असत्यात. कॉलेजात बसून तुमाला फौजी घर कळायचं न्हाई."

मी मध्ये पडले. सूत्रसंचालकानं पडायचंच असतं. "पण सुभेदार, घरातल्या बायकांचं काय? नवरा, मुलगा जाणार तो त्यांचा. त्यांना काय वाटतं ते..."

"ताई," त्यांनी माझं बोलणं मध्येच तोडलं, आणि ते ज्या सुरात 'ताई' म्हणाले तो सूर मी अजून विसरलेले नाही. लहान मुलीच्या हातातून कात्री काढून घ्यावी तसा होता तो. "बायांना काय इचारायचं त्यात? तुमी शहरातल्या पोरी, तुमाला पाहिजे ते बोलून घ्यायला माइक फिरवता. माझ्या निगडेवाडीत एकबी बाई न्हाई म्हणायची न्हाई. एक आणून दावा. एक! मी आत्ता पदकं उतरवून हितं ठेवतो."

माझा राग नाकावर असतो असं आमची आई नेहमी म्हणायची. एवढा वेळ मी गप्प बसले होते, त्यांची इभ्रत राखायची म्हणून माझ्या हातातलं सगळ्यात मोठं पान मिटून ठेवलं होतं, आणि हा माणूस मलाच सांगत होता की मला काही कळत नाही. जिल्हाभर. थेट.

मी कॅमेऱ्याकडे वळले आणि म्हणाले, "गावाकडचा आवाज ऐकू या."

काचेपलीकडे सिकंदरनं माझ्याकडे बघितलं. दोन सेकंद त्यानं काही केलं नाही. मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले. त्यानं बटण दाबलं.

आमच्या समोर एक टीव्ही ठेवलेला असायचा, बाहेर काय दिसतंय ते कळावं म्हणून. त्यावर सूप आलं, घेवडा आला, हात आले. हिंदुराव आधी खुर्चीत रेलून बसले होते. हात मोठे झाले तसे ते पुढं सरकले. मग ते थोटं बोट सुपावरून सरकलं आणि त्यांच्या चेहऱ्यावरून सगळं पुसलं गेलं. टेपमधली बाई बोलत होती. ते हलले नाहीत. होवाळ सर ऐकत होते आणि मधेच त्यांचं लक्ष सुभेदारांकडे गेलं, आणि तेही समजले.

"पाठवू नगा," पडदा म्हणाला, आणि दिवे परत आमच्यावर आले.

थांबायची संधी तेव्हाही होती. एक जाहिरात लावता आली असती. मी म्हणाले, "काय म्हणता, सुभेदार?"

त्यांनी पाण्याचा पेला उचलला, प्यायले नाहीत, ठेवला. "कुठल्या गावची बाई?"

"ते सांगता येणार नाही. शब्द दिलाय." मी खरोखर असं म्हणाले.

"बरं केलं." त्यांनी माझ्याकडे एकदाच बघितलं. "मी वळखत न्हाई ह्या बाईला. आमच्या गावची न्हवं."

तेवढ्यात फोन वाजला. भोईटे सरांनी पलीकडच्या खोलीतून जोडून दिला होता. एक माणूस मोठ्यानं हसत होता, आणि त्याच्यामागं आणखी दोघं-तिघं हसताना ऐकू येत होते. "सुभेदार! निगडेवाडीतनं बोलतोय! आवं, घरचं बोट वळखंना व्हय? सारा पार बघतुया टीव्हीवर! उतरवा की पदकं!"

"हा फोन बंद करा," होवाळ सर माझ्यावर ओरडले. "बंद करा आधी! हा काय तमाशा लावलाय तुम्ही?"

ते सुभेदारांच्या विरुद्ध बाजूनं बोलायला आलेले होते. चर्चा त्यांनी जिंकलेली होती. मला तेव्हा कळलं की मी काय करून बसले आहे. पडद्यावर नव्हे, निगडेवाडीतल्या एका घरात, जिथं एक बाई आत्ता सासूच्या समोर बसलेली असेल आणि दारात पारावरची माणसं यायला लागली असतील.

"फोन ऱ्हाऊ द्या," हिंदुराव म्हणाले. "कोण, बबन का? बबन, हसू नगंस. ऐक. वळखलं मी. माझी सून हाय ती. मघाशी खोटं बोललो."

पलीकडचं हसणं थांबलं.

"तिच्यापायी खोटं बोललो, माझ्यापायी न्हाई. आता खरं बोलतो, तेबी तिच्यापायीच." ते कॅमेऱ्याकडे बघत नव्हते. समोरच्या टीव्हीत स्वतःचाच चेहरा दिसत होता, त्याच्याकडे बघत होते. "माझा आजा बसऱ्याला गेला. बाप ब्रह्मदेशात गेला. मी एकाहत्तरला पूर्वेला गेलो. हणमंता काश्मिरात. दर बारीला गावानं हार घातलं, घरच्या बायांनी ओवाळलं. त्यांना काय वाटतं ते कुणी इचारलं न्हाई. मीबी न्हाई. आणि हितं येऊन छाती ठोकून सांगितलं की एकबी न्हाई म्हणणार न्हाई. इचारलं न्हाई, तर मला कसं ठावं असणार?"

त्यांनी शर्टावरची पदकांची पट्टी काढायला घेतली. पिन निघेना. होवाळ सर उठले, कॅमेऱ्याची पर्वा न करता टेबल ओलांडून गेले आणि त्यांचा हात धरला. "राहू द्या हो. ती तुमची आहेत."

हिंदुरावांनी हात खाली घेतला. मग मला म्हणाले, "ताई, ती टेप परत लावा."

"सुभेदार, नको..."

"लावा. मी हात बघत बसलो. ती काय म्हणली ते ऐकायचं ऱ्हायलं माझं."

सिकंदरनं माझ्या वाक्याची वाट बघितली नाही. या वेळी हिंदुरावांनी डोळे मिटून घेतले आणि मान एका बाजूला कलती करून ऐकलं. त्या दुसऱ्या बाईच्या तळतळाटाशी ती आली तेव्हा त्यांनी हळूच 'खरं हाय' असं म्हटलं. ते माइकवर नीट आलंही नाही, पण मी शेजारी होते.

टेप संपल्यावर ते एवढंच बोलले. "हुकूम झाला तर हणमंता जाईल. शिपाई हाय, जायाच पायजे. पर पाठवा म्हणून मी आता म्हणणार न्हाई. प्रोफेसर, तुमच्या मोर्चात मी यायचा न्हाई बरं का. पर आमी समोर हुबंबी ऱ्हाणार न्हाई."

कार्यक्रम संपला. भोईटे सरांनी तो त्या दिवशी आणखी तीन वेळा दाखवला. मी नको म्हणाले नाही. फोन दोन दिवस वाजत होते. पुण्याच्या एका वर्तमानपत्रानं चौकट छापली, त्यात माझं नाव होतं. आई कात्रण शेजारीपाजारी दाखवत हिंडली. आठवड्याभरानं दिल्लीनं फौज पाठवायची नाही असं जाहीर केलं. दिल्लीनं ते आमची वाहिनी बघून ठरवलं नव्हतं हे सांगायला नको, पण भोईटे सरांचं बोलणं ऐकून एखाद्याला तसं वाटलं असतं.

त्यानंतरच्या रविवारी मी एकटीच एस.टी.नं निगडेवाडीला गेले. कशासाठी गेले हे खरं सांगायचं तर थोडी माफी मागायला आणि बरंचसं आभार ऐकायला. सगळं चांगलंच झालं होतं ना. हणमंत जाणार नव्हता. सुनेचं म्हणणं सासऱ्यानं जिल्ह्यासमोर ऐकलं होतं. पारावर हिंदुराव भेटले, हसून बोलले, "जावा, शालन मागं गोठ्यात हाय." मला तिचं नाव तेव्हा कळलं.

शालन म्हशीला वैरण टाकत होती. मला बघून थांबली. पदर नाकापर्यंत ओढलेला नव्हता. मी तिचा चेहरा पहिल्यांदाच नीट बघत होते. तिनं तांब्याभर पाणी आणून दिलं, कारण आल्या माणसाला पाणी द्यायचंच असतं, आणि मी पिऊन होईपर्यंत उभी राहिली.

"घरी काही त्रास नाही ना झाला?" मी विचारलं.

"सासूबाई तीन दिस बोलल्या न्हाईत. मग बोलल्या." तिनं तांब्या परत घेतला. "ताई, एक इचारू?"

"विचारा की."

"मामंजी तसं बोलतील, हे तुमाला ठावं हुतं?"

"नाही."

"मग काय बोलतील असं वाटलं हुतं?"

खोटं बोलायचं बळ माझ्यात राहिलं नव्हतं. "ते तोंडघशी पडतील असं वाटलं होतं. मला राग आला होता त्यांचा."

"आणि त्ये घरी आल्यावर माझं काय झालं असतं?"

"तो विचार मी त्या वेळी केला नाही, शालनताई. चुकलं माझं. तुम्हाला शब्द देऊन मी तो मोडला."

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. रागावली असती तर बरं वाटलं असतं मला.

"मामंजींनीबी कधी केला नव्हता माझा इचार," ती म्हणाली. "पर त्यांनी त्ये समद्या जिल्ह्याम्होरं कबूल केलं. तुमी हितं गोठ्यात करताय."

एवढं बोलून ती वैरणीकडे वळली.

मी त्यानंतर साडेतीन वर्षं त्या खुर्चीत बसले. रोज संध्याकाळी सात वाजता जिल्हा माझं बोलणं ऐकायचा. कबुलीची दोन वाक्यं बोलायची होती, अर्ध्या मिनिटाचीसुद्धा नव्हती. कधी भोईटे सर काय म्हणतील म्हणून, कधी आता कुणाला आठवतंय म्हणून, आणि खरं कारण म्हणजे ते वर्तमानपत्राचं कात्रण आईनं काचेत बसवून घेतलं होतं म्हणून, मी ती कधीच बोलले नाही.